शनिवारी शिकायचं, रविवारी वाढायचं: सोलापूरच्या घरात भाकरीचे दोन दिवस

मित्रमंडळी दोन दिवसांसाठी घरी येणार असतील आणि त्यांना सोलापूरचं जेवण नुसतं खायचं नसून शिकायचंही असेल, तर पहिलं काम पदार्थ कमी करण्याचं. फोनवर यादी वाढतच जाते. कुणाला शेंगा चटणी हवी असते, कुणाला धपाटे, कुणाला शेंगा पोळी, कुणाला हुलग्याचं माडगं. सगळ्याला हो म्हटलं की घरची बाई दोन दिवस ओट्याशी एकटी उभी राहते आणि पाहुणे मोबाइलवर व्हिडिओ काढत बसतात. कुणाच्या हाताला काहीच लागत नाही. म्हणून माझ्या घरचा नियम ठरलेला आहे. ज्वारीची भाकरी हा मुख्य धडा, तिच्याभोवती चार पदार्थ, आणि रविवारचं दुपारचं जेवण पाहुण्यांनीच रांधायचं. आपण फक्त शेजारी उभं राहायचं.

माणसं सहा बोलवा. आठ झाली तर दोघं-तिघं कायम भिंतीला टेकून गप्पा मारतात. सहाजणांच्या तीन जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीला एक तवा, एक परात मिळते. जोडीत नवरा-बायकोला एकत्र ठेवू नका. बायको भाकरी थापते आणि नवरा पाण्याचा तांब्या धरून उभा राहतो, हे ठरलेलं. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला मी मुद्दाम नाशिकच्या मैत्रिणीबरोबर जोडीला दिलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत गोल भाकरी त्याची आली.

दिवस निवडताना डिसेंबर ते फेब्रुवारी धरा. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचं ऊन चाळिशीच्या पुढे जातं, त्यात तीन चुली पेटवून कुणाला काय शिकवणार? थंडीत शेतात हुरडाही असतो, मंडईत काटेरी वांगी, हरभऱ्याचा पाला, कोवळी मेथी सगळं ताजं असतं. मात्र संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. ती दाखवायची असेल तर अवश्य तेव्हाच बोलवा, पण मग स्वयंपाकाचा बेत अर्धा करा. काठ्यांची मिरवणूक बघून थकून आलेल्या माणसाला परातीसमोर बसवू नये. आणखी एक गोष्ट बाहेरगावच्या माणसाला सुचणार नाही. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. तुमच्या भागात पाणी कोणत्या दिवशी येतं ते बघून शनिवार-रविवार ठरवा, कारण पीठ लागलेल्या पराती, तवे आणि सहाजणांच्या आंघोळी हे सगळं एकाच टाकीवर भागवायचं आहे.

पुण्याहून येणारे शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री पोचतात, मुंबईहून येणाऱ्यांसाठी २०२३ पासून वंदे भारतही आहे. शुक्रवारी रात्री मूगडाळीची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड, बस. झोपायला सोलापुरी चादरी द्या. त्या विकत कुठे मिळतात हे सकाळी पहिल्यांदा विचारलं जातंच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

बोलावतानाच एक प्रश्न न लाजता विचारून घ्या: कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का? आमच्या स्वयंपाकात शेंगदाणे चटणीत, आमटीत, वांग्यात, पोळीत, सगळीकडे असतात. एकट्यासाठी वेगळं ताट करून भागत नाही, कारण दाणे भाजताना-कुटताना त्याची पूड घरभर होते. असं कुणी असेल तर तो बेत पूर्णच बदला. कारळाची चटणी, तुरीची आमटी, पुरणाची पोळी करा आणि त्या दोन दिवसांत घरात शेंगदाणे उघडूच नका. भाकरीचा धडा तसाच राहतो.

आता पिठाकडे येऊ. भाकरी बिघडते तेव्हा हाताला दोष दिला जातो आणि निम्म्या वेळा दोष पिठाचा असतो. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नाही. तिला धरून ठेवते ती पिठाची विरी, म्हणजे मळल्यावर येणारा चिकटपणा, आणि दळून दिवस गेले की विरी जाते. मग भाकरी थापताना कडेला फाटते, उचलताना मधून तुटते. म्हणून ज्वारी दाण्याच्या रूपात आणा, निवडून घ्या आणि शुक्रवारी संध्याकाळी दळून आणा. माझी पसंती मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला. तिकडची जमीन काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी. परतीच्या पावसानंतर पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर पोसते. दाणा टपोरा, मोत्यासारखा, आणि भाकरी गार झाली तरी मऊ राहते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानदाराला नुसतं ‘ज्वारी द्या’ म्हणू नका, ‘मंगळवेढ्याची मालदांडी आहे का’ असं विचारा, आणि दाणा चावून बघा. गिरणीवाल्याला आधी सांगा की गव्हावर दळू नका, ज्वारीवरच दळा. सहाजणांना दोन दिवसांसाठी, शिकताना वाया जाणारं धरून, सढळ हाताने दळून आणा.

शेंगदाणे दीड किलो. लहान, लालसर सालीचे, खवट वास नसलेले. लसूण गावरान मिळाला तर सोलायला वेळ लागतो पण चटणी त्याचीच. भाजी लक्ष्मी मंडईतून शनिवारी सकाळी पाहुण्यांना घेऊनच आणा. वांगं हातात घेऊन देठ कसा बघायचा, पातीच्या कांद्याची पात कशी ओळखायची हे तिथे उभं राहून दोन मिनिटांत कळतं.

मंडईतून आल्यावर चहा झाला की चटणी घ्या. ती आधी घेण्याचं कारण असं की तिला घाई चालत नाही आणि चूकही फारशी होत नाही, हात मोकळे होतात. पाव किलो शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर वीस मिनिटं तरी हलवत राहायचं. सालीवर काळे डाग पडले म्हणजे भाजले असं नव्हे. दाणा गार करून मधून फोडला की आतून एकसारखा बदामी दिसला पाहिजे. सालं चोळून पाखडून घ्या. मग उखळात आधी पंधरा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि दीड चमचा मीठ कुटायचं, त्यावर दोन चमचे लाल तिखट, आणि शेवटी मूठमूठ दाणे. आधी भुकटी होते. इथे सगळेजण ‘झाली’ म्हणतात. झालेली नसते. कुटत राहा. हळूहळू दाण्याला तेल सुटतं, रंग गडद होतो आणि मुठीत दाबली की चटणीचा गोळा बनतो. ती खरी. मिक्सरमध्ये करायचीच असेल तर बटण क्षणभर दाबून सोडायचं, पुन्हा दाबायचं, आणि काढल्यावर खलबत्त्यात पाच मिनिटं तरी कुटायची. सहाजणांनी आळीपाळीने मुसळ धरलं की काम हलकं होतं आणि गप्पाही तिथेच रंगतात.

दुपारी धपाटे-दही. हे मी करते, पाहुणे बघतात, कारण त्यांची ताकद संध्याकाळसाठी राखायची आहे. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, लसूण-मिरचीचं वाटण, तीळ, हळद, मीठ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापून मधे भोक पाडून तव्यावर उलटायचं. दही घट्ट आणि गार, त्यावर आत्ताच कुटलेली चटणी आणि तेलाची धार. जेवून तासभर सगळ्यांना झोपू द्या.

चार वाजता भाकरी.

एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, हे आधी सांगून टाका. कणकेसारखं सगळं मळून झाकून ठेवलं की ज्वारीचं पीठ सैल पडतं. परातीत पाऊण वाटी पीठ, मधे खळगा, त्यात चटका बसेल इतकं गरम पाणी थोडं थोडं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो, म्हणून थंड पाण्यावर काम होत नाही. मग तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पीठ पुढे रगडायचं, गोळा करायचं, पुन्हा रगडायचं. दोन-तीन मिनिटं मन लावून. नवशिका माणूस इथेच कमी पडतो. त्याला वाटतं गोळा झाला म्हणजे मळून झालं. गोळा चपटा करून कड बघा. कडेला भेगा पडल्या तर अजून रगडा, ओल्या हाताने. कड लोण्यासारखी गुळगुळीत आली की थापायला घ्या.

आमच्या शेजारच्या अक्का कानडी घरातल्या. भाकरीच्या दिवशी मी त्यांना बोलावतेच. त्या पाहुण्यांच्या मागे उभ्या राहतात आणि फारसं बोलत नाहीत. कुणी जोरजोरात थापायला लागलं की एवढंच म्हणतात, “मारू नको गं तिला. फिरव.” यात सगळं आलं. परातीत खाली कोरडं पीठ भुरभुरायचं, गोळा ठेवायचा आणि बोटांनी थापता थापता तो आपोआप गोल फिरला पाहिजे. डावा हात कडेला आधार देतो, उजवा थापतो. भाकरी फिरायची थांबली म्हणजे खाली पीठ कमी झालं. मधे जाड आणि कडेला पातळ राहू देऊ नका, कारण फुगताना वाफेला सगळीकडे सारखी वाट मिळायला हवी.

उचलणं हा भीतीचा क्षण असतो. परात थोडी तिरपी करून भाकरी हातावर घ्यायची, दोन्ही तळव्यांवर तोलून तव्यावर सोडायची. पिठाची बाजू वर. तवा आधीच चांगला तापलेला हवा. लगेच हात ओला करून वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, सगळीकडे, कडेपर्यंत. त्या पाण्याने वरचं कोरडं पीठ बसतं. आता नजर हलवायची नाही. पाणी दिसेनासं होत आलं पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेव्हा उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशिरा उलटली तर भेगा पडतात आणि त्या भेगांतून वाफ निघून जाते. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्या, बदामी ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू सरळ विस्तवावर. चूल असेल तर आरासमोर उभी करा, गॅस असेल तर मोठ्या आचेवर चिमट्याने धरा. टम्म फुगली आणि पदर सुटला की झाली. मागच्या अंगणात मी तीन विटांची चूल मांडते, एक जोडी तिथे असते. चुलीवरची भाकरी खाल्ल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. धूर डोळ्यांत जातो, जाऊ द्या.

पहिल्या दोन-तीन भाकऱ्या वेड्यावाकड्या होणार. त्या फेकू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. कुस्करून दुधात घालून किंवा कांदा-मिरचीची फोडणी देऊन संध्याकाळच्या चहाबरोबर त्यांनीच खाव्यात. प्रत्येकाने पाच-सहा भाकऱ्या केल्या की हात बदललेला दिसतो. यजमानाने या वेळात एकच पथ्य पाळायचं: त्यांची परात आपल्याकडे ओढायची नाही. “द्या इकडे, मी दाखवते” हे वाक्य जिभेवर येतं, ते गिळायचं. दाखवायचं असेल तर आपल्या परातीत आपली भाकरी करून दाखवा.

दिवस मावळायच्या सुमारास अक्का कडक भाकरी दाखवतात. गोळ्यात मीठ आणि थापताना वरून तीळ, भाकरी जमेल तितकी पातळ. नेहमीसारखी भाजून घ्यायची, पण फुगवायची नाही. मंद तव्यावर ठेवून फडक्याच्या बोळ्याने दाबत दाबत, फिरवत, तिच्यातली सगळी ओल घालवायची. एकीला दहा मिनिटंही लागतात. पापडासारखी खणखणीत झाली की उभी करून गार करायची. ओल राहिली नाही तर महिनाभर सहज टिकते. लांबच्या वाटेला निघणाऱ्यांची ही शिदोरी. घाईच्या माणसाला हा पदार्थ जमत नाही, पण सहाजणांपैकी एखाद्याला नेमका हाच आवडतो. त्याला तव्याजवळ बसवा आणि बाकीच्यांना सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फिरवून आणा.

रविवारी सकाळी शेंगा पोळी. नऊला सुरू केलं तर साडेअकरापर्यंत पंधरा-सोळा पोळ्या होतात. अर्धा किलो भाजलेले, सोललेले दाणे बारीक कुटून घ्या, त्यात चारशे ग्रॅम किसलेला गूळ, दोन चमचे भाजलेले तीळ, चमचाभर खसखस, सहा-सात वेलदोड्यांची पूड. दाणे आणि गूळ एकत्र मिक्सरमधून एकदा फिरवले की सारण एकजीव होतं. पाणी अजिबात नको. कोरडं वाटलं तर चमचाभर तूप. गुळाचा एक खडा जरी राहिला तरी लाटताना तो पारी फाडतो, म्हणून सारण बोटांनी चाचपून घ्या. पारीसाठी तीन वाट्या कणीक, अर्धी वाटी मैदा, तीन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, किंचित मीठ. रोजच्या पोळीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायची. पारीपेक्षा सारणाचा गोळा थोडा मोठा घ्या, तोंड नीट बंद करा, तांदळाच्या पिठावर कडेपासून हलक्या हाताने लाटा. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खमंग भाजायची. गूळ बाहेर आला तर तव्यावर जळतो आणि पुढच्या पोळीला कडू वास लागतो, म्हणून प्रत्येक पोळीनंतर तवा ओल्या फडक्याने पुसायचा. गरम पोळ्या एकावर एक रचू नका, पसरून गार करा.

आमटी आणि वांगं एका जोडीकडे सोपवा. वांग्याचं फार सांगत नाही. दाण्याचं कूट, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, काळा मसाला, चिंच-गूळ, आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवणं. आमटीचं मात्र नीट लक्षात घ्या. वाटीभर भाजलेले दाणे, आठ लसूण पाकळ्या, जिरं आणि तिखट पाणी घालून अगदी गंधासारखं वाटायचं. जिरं-हिंगाच्या फोडणीवर वाटण पाच मिनिटं परतून मग पाच वाट्या कढत पाणी. गार पाणी घातलं तर वर तेल येत नाही, चवही सपाट राहते. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळू द्या, मधेमधे तळापासून हलवा, नाहीतर दाणे खाली लागतात.

जेवण एकच्या सुमारास. वाढण्याची पद्धत हा या दोन दिवसांचा गाभा आहे, त्याचा आधी विचार करा. भाकरी गरम तव्यावरून ताटात यायला हवी आणि करणारा उपाशी राहायला नको. म्हणून दोन पंगती. पहिल्या पंगतीला शेजारची दोन घरं बोलवा, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे यजमान, समोरच्या वहिनी, त्यांची मुलं. जेवायला बसलेली माणसं परकी नसावीत पण घरचीही नसावीत, तरच करणाऱ्याच्या हाताला जबाबदारी येते. एक जोडी भाकऱ्या करते, एक जोडी तवा आणि विस्तव सांभाळते, तिसरी वाढते, आणि अर्ध्यावर कामं बदलतात. दुसऱ्या पंगतीला पाहुणे बसतात आणि त्यांना भाकरी करून वाढायचं काम माझं आणि अक्कांचं. या वेळी आपण करायचं. दोन दिवस कष्ट केलेल्या माणसाला आयती भाकरी मिळाली पाहिजे.

ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, तिच्यावर तेल. शेजारी कच्ची मेथी, पातीचा कांदा, मुळा. उजवीकडे वांगं, वाटीत आमटी, दुसऱ्या वाटीत दही. कांदा चिरायचा नाही, बुक्कीने फोडायचा. पोळी शेवटी, वर तुपाची धार. भात ठेवलाच तर थोडा. वाढणाऱ्याने “अजून अर्धी घ्या” असा आग्रह एकदा करावा, दुसऱ्यांदा नाही, कारण ज्वारी पोटात बसायला वेळ घेते आणि संध्याकाळी गाडी गाठायची आहे.

दुपारी कुणाच्या ओळखीचं शेत जवळ असेल तर हुरड्याला जा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं गरम असतानाच चोळून घ्यायची, सोबत तीच चटणी. शेत नसेल तर घरीच पडून गप्पा मारा. जबरदस्तीचे कार्यक्रम आखू नका.

निघताना प्रत्येकाला स्टीलच्या डब्यात कडक भाकरी, थोडी चटणी, उरली तर पोळी. कडक भाकरी पोळीच्या डब्यात ठेवू नका, पोळीच्या तुपाने ती मऊ पडते. पुण्या-मुंबईला ताजं पीठ मिळत नाही अशी तक्रार होईल, तेव्हा उकडीची युक्ती सांगून ठेवा. वाटीभर पाण्याला उकळी आणून चिमूटभर मीठ घालायचं, वाटीभर पीठ टाकून गॅस बंद करायचा, दहा मिनिटं झाकून मग मळायचं. विरी गेलेल्या पिठाचीही भाकरी होते. आपल्याकडचं उरलेलं पीठ मात्र त्यांना बांधून देऊ नका, कितीही मागितलं तरी. त्याऐवजी दोन किलो मालदांडीचे दाणे द्या, आणि त्यांच्या घराजवळ ज्वारी वेगळी दळून देणारी गिरणी कुठे आहे ते फोनवर शोधून मगच त्यांना स्टेशनवर सोडा.